गोकर्णीचं निळं

पाचघोळच्या डोंगरातल्या चौथ्या लेण्याची आतली खोली म्हणजे अंधारातच चालवायची प्रयोगशाळा होती. दिवा होता, नाही असं नाही. पण तो लाल, पूर्वी फोटो धुण्याच्या खोल्यांत असायचा तसला मिणमिणता. त्या उजेडात माणसाचं तोंड कुंकू फासल्यासारखं दिसे आणि डब्यातली कोथिंबिरीची चटणी काळी ठिक्कर. अशा उजेडात डॉ. उत्पला रणपिसे दोन हिवाळे एकाच भिंतीसमोर बसून होती. जुनी भित्तिचित्रं सांभाळणं हा तिचा धंदा. पण ही भिंत धंद्याच्या पलीकडे गेली होती, हे तिच्या घरच्यांनाही कळून चुकलं होतं.

भिंतीवर एक मोठा बोधिसत्त्व होता. हातात कमळ, मान किंचित कललेली, मागे रात्रीचं आकाश. कमळ आणि आकाश निळ्या रंगाचं आहे हे यंत्रांनी सांगितलं होतं; लाल उजेडात निळं काळंच दिसतं, त्यामुळे डोळ्यांनी ते कुणीच पाहिलं नव्हतं. त्याआधी तर ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण चौदाशे वर्षांमागे कुणीतरी या चित्रावर मातीचं लिंपण केलं होतं. अख्खी भिंत झाकून टाकली होती, हातांनी. बोटं फिरलेली लिंपणावर उमटली होती. लहान बोटं होती, बाईची असावीत असं उत्पला म्हणे. आणि गंमत अशी, की बाकी भिंतीवर भुसा घातलेला जाडाभरडा चिखल, पण बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावर आधी वस्त्रगाळ मऊ माती, मग तिच्यावर चिखल. बाळाला झोपवताना आधी दुपटं घालावं तसं. चित्र नको झालेला माणूस असं करत नाही. कुणीतरी, कशाच्या तरी भीतीने, फार मायेने हा चेहरा लपवला होता. ते लिंपण बांबूच्या काडीने आणि कुंचल्याने उतरवता उतरवता उत्पलाला एकाच प्रश्नाने पछाडलं, की ही बोटं कोणाची?

उत्तर मिळण्याची सोय डॉ. अस्लम मुजावर यांनी केली होती. हे भौतिकीचे प्राध्यापक, मूळचे मिरजेचे. माणूस मोठा हुशार आणि बोलण्याची भारी हौस. एके दिवशी लेण्याची देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचे अध्यक्ष कुलथे लेणं बघायला आले, तेव्हा तर त्यांच्या जिभेला पंखच फुटले.

कुलथे भूशास्त्राचे, निवृत्त, स्वभावाने खवट. लाल दिव्याकडे बघून ते म्हणाले, ‘‘हे बघा, माझी हयात दगडात गेली. रंगातलं मला ओ की ठो कळत नाही. शाळेतल्या पोराला सांगतात तसं सांगा.’’

‘‘अहो साहेब, हा रंगही दगडच आहे,’’ मुजावर म्हणाले. ‘‘राजावर्त. पार अफगाणिस्तानातल्या बदकशानच्या खाणीतून आलेला. कुटून, धुऊन, डिंकात कालवून भिंतीला लावलेला. याच्या प्रत्येक कणात बारीक बारीक खळगे असतात. त्याच्यावर उजेड पडला की कणातले विद्युत्कण उडी मारतात आणि खळग्यात अडकून बसतात. उजेड कुठून आला, किती आला, तशी त्यांची बैठक. एकट्या कणाला काही सांगता येत नाही. पण या भिंतीवर असे अब्जावधी कण आहेत. सगळ्यांची साक्ष काढायची, गणित मांडायचं, की भिंतीसमोर काय होतं त्याचं हलतं चित्र मिळतं. आम्ही याला प्रकाशस्मृती म्हणतो.’’

‘‘म्हणजे भिंतीने जे जे पाहिलं ते सगळं दिसणार?’’

‘‘छे हो! ओंजळीत पाणी मावून मावून किती मावणार? वरून नवं ओतलं की जुनं सांडतं. दिव्याच्या उजेडातला पाव-एक तास, एवढीच या कणांची धारणा. शेवटचा पाव तास तेवढा शिल्लक, त्याआधीचं सगळं वाहून गेलं. आणि दिवसाचं ऊन पडलं तर क्षणात सगळं धुऊन जातं.’’

‘‘म्हणून हे भुतासारखं लाल लाल लावून बसलात.’’

‘‘लाल उजेडात तेवढा जोर नाही. कणांच्या लेखी तो अंधारच.’’

आता उत्पला बोलली. ‘‘या भिंतीने शेवटचा उजेड पाहिला तो लिंपण करणाऱ्या माणसाच्या दिव्याचा, कुलथेसाहेब. त्यानंतर चौदाशे वर्षं अंधार. म्हणजे तो पाव तास अजून तिच्यात आहे. तो माणूस आहे.’’

मुजावरांनी डबी उघडून दाखवली. भिंतीवरून आपोआप सुटलेला नखाएवढा टवका त्यांनी मागच्या महिन्यात ही साक्ष काढणाऱ्या यंत्राखाली, स्मृतिवाचकाखाली, घातला होता. एवढ्याशा टवक्यातून काय दिसणार? धूसर उजेड, आणि त्यात पुढे येणारा चिखलाने माखलेला एक तळवा. मनगटात कडं. तळवा पुढे येतो, सगळं झाकतो, संपलं. उत्पलाने ते इतक्या वेळा पाहिलं होतं, की तो तळवा तिला गर्दीतही ओळखू आला असता.

कुलथ्यांनी डबीत डोकावलं. ‘‘टवका पांढरा दिसतोय.’’

‘‘वाचला की पांढरा होतो. मिठाच्या खड्यासारखा. अडकलेले विद्युत्कण आहेत म्हणून तर तो निळा दिसतो. ते सुटले की आठवण बाहेर येते आणि निळं जातं. रंग आणि आठवण या दोन गोष्टी नाहीतच, साहेब.’’

‘‘मग थोडं थोडं वाचा. एक कोपरा.’’

‘‘वाचकाचा उजेड एका कोपऱ्यात टाकला तरी या खोलीत आपटून सगळ्या भिंतीवर पसरतो. काय ते एकदाच.’’

कुलथ्यांनी डबीचं झाकण लावलं. मग, ‘‘तुमचं म्हणजे कोंबडी कापून अंडं बघायचं,’’ असं म्हणून ते बाहेर पडले.

त्यानंतरच्या कार्तिकात उत्पलाने आईला लेणं दाखवायला आणलं.

गयाबाई रणपिसे. तीस वर्षं अंगणवाडी चालवून गावातल्या दोन पिढ्यांची नाकं पुसलेली बाई. आता हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती. पण पोरगी दोन वर्षं ज्याच्यासमोर बसली आहे तो बघितल्याशिवाय मी काही जायची नाही, असा तिचा हट्ट. पहारेकऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून वर आणलं. मुजावर त्या आठवड्यात मिरजेला होते. उत्पलाने आईचा मोबाइल बाहेर ठेवून घेतला, पहारेकऱ्यांच्या विजेऱ्या काढून घेतल्या. कमरेच्या पिशवीत तिने हात घातला नाही. स्वतःच्या आईची झडती कोण घेतं?

‘‘उत्पले, या लाल उजेडात कसं गं बघायचं?’’ गयाबाई म्हणाल्या. ‘‘सगळं आपलं काळं आन् तांबडं. तू म्हनतीस निळं कमळ, मला तर कोळसा दिसतुया.’’

‘‘एवढंच दिसतं, आई. मलाही एवढंच दिसतं.’’

‘‘म्हंजे तूपन नाही बघितलं? दोन वर्सं?’’

‘‘नाही.’’

‘‘काय बाई तरी तुझं शास्त्र!’’ गयाबाई हसल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, ‘‘त्याच्या म्होरं काही लावायचं न्हाई का? आपण विहारात रिकाम्या हाताने जात न्हाई.’’

‘‘इथे नाही, आई. हात जोड फक्त.’’

तेवढ्यात बाहेरून पहारेकऱ्याची हाक आली, कुलथ्यांचा फोन होता. लेण्याच्या माथ्यावरची भेग आणखी उघडली होती आणि त्यांना आत्ताच्या आत्ता बोलायचं होतं. ‘‘आलेच मी. हलू नको, कशाला हात लावू नको,’’ असं सांगून उत्पला बाहेर गेली. ‘‘मी काय ल्हान हाय का?’’ हे आईचं उत्तर तिच्या पाठीवर पडलं. कुलथ्यांचं बोलणं लांबलं. त्यांचं नेहमीच लांबायचं.

ती परत आली तेव्हा आई खुर्चीत तशीच बसली होती, लाल उजेडात, डोळे ओले. ‘‘चल बाई,’’ गयाबाई म्हणाल्या, ‘‘झालं माझं बघून.’’

उतरताना जीप उत्पलाच चालवत होती, आई शेजारी. खिंड ओलांडल्यावर, पेंगता पेंगता, ती म्हणाली, ‘‘गोकर्णीच्या फुलावानी निळं गं. अक्षी तसंच.’’

उत्पलाचे हात चाकावर आवळले गेले. मग तिने स्वतःची समजूत घातली. आपणच आईला शंभरदा सांगितलंय, निळं आहे म्हणून. म्हातारं माणूस, मनाच्या डोळ्यांनी बघितलं असेल. गोकर्णी अंगणात आहे, तीच आठवली असेल. शेजारी वळून विचारायचं, एवढंच तर काम होतं. पण ‘हो’ असं उत्तर आलं असतं तर? दोन हिवाळे, तो तळवा, ते कडं, सगळं एका ‘हो’मध्ये मातीला मिळालं असतं. आईचा डोळा लागला होता. झोपलेल्या माणसाला कशाला उठवा, असं म्हणून उत्पलाने गाडी पुढे हाणली.

पुढे ती रोज विचारायचं ठरवायची. मग आईला दवाखान्यात ठेवलं. नाकात ऑक्सिजनची नळी लावलेल्या आईला ‘तू तिथे काडी ओढलीस का’ असं कोणत्या तोंडाने विचारायचं? माघात गयाबाई गेल्या. आता विचारायला कुणी उरलं नाही, याचं उत्पलाला रडू आलं आणि त्या रडण्यातच कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची तिला फार लाज वाटली.

एप्रिलात समितीच्या बैठकीत कुलथ्यांनी निकाल सांगितला. काळ्या दगडाच्या दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर होता, तो पाणी पिऊन फुगला होता. वरचा सगळा कडा त्याच्यावर घसरत होता. टेकू देऊन, सिमेंट भरून, कशानेच तो थांबणार नव्हता. येत्या पावसाळ्यात चौथं लेणं बसणार. हे सांगताना त्या खवट माणसाचा आवाज फाटला, आणि कुणालाच वाद घालावासा वाटला नाही.

‘‘दोन वाटा आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘एक, चित्र भिंतीवरून कापून उतरवायचं. मातीचा गिलावा आहे, निम्मं वाटेत भुगा होईल. पण चेहरा आणि तो कमळाचा हात वाचेल, निळ्यासकट. दुसरी वाट मुजावरांची. वाचायचं. मग निळं गेलं, आणि त्या उजेडाने डिंक सुटला की उतरवण्याजोगंही काही राहायचं नाही. माझं मत सांगतो. अर्धं तर अर्धं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. नाहीतर तेलही जाईल, तूपही जाईल, हाती धुपाटणं.’’

‘‘अर्धं चित्र दुसरीकडेही आहे, साहेब,’’ मुजावर म्हणाले. ‘‘अशी चित्रं आणखी लेण्यांत आहेत. पण तेव्हाचा जिवंत माणूस, हलता-चालता, जगात कुठे बघायला मिळणार? ज्याने हे चित्र झाकलं, त्याला का झाकावंसं वाटलं, कोण भ्यालं होतं, कोणाला? त्याच्या तोंडावर दिसेल ते!’’

समिती निम्मी निम्मी फुटली. शेवटचा शब्द उत्पलावर आला.

कुलथ्यांनी तिला एकच विचारलं. ‘‘लिंपण काढल्यापासून या भिंतीने उजेड पाहिलेला नाही ना? एकदाही?’’

एक टवका काढून तपासता आला असता. तासाभराचं काम. टवक्यात तळवा दिसला तर वाचायचं, दुसरं काही दिसलं तर कापून उतरवायचं, निम्मं चित्र तरी पदरात पडलं असतं. हे सगळं उत्पलाला त्या क्षणी लख्ख कळत होतं. पण टवका काढायचा म्हटलं की कारण सांगावं लागणार, आणि कारण म्हणजे आई. मेलेल्या आईचं नाव या टेबलावर, या माणसांपुढे, ‘हिने घोटाळा केला असेल’ म्हणून घ्यायचं? शिवाय आईने केलं असेल कशावरून? गोकर्णीचं फूल काय, कुणीही म्हणेल.

‘‘नाही,’’ उत्पला म्हणाली. ‘‘एकदाही नाही. वाचू या.’’

मेच्या शेवटी वाचन झालं. माथ्यावरून दिवसा-ढवळ्या खडे गळत होते, म्हणून आत तिघंच, डोक्यावर लोखंडी टोप घालून. स्मृतिवाचकाचा उजेड माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. पण भिंतीवर काय चाललंय ते लाल दिव्यात दिसत होतं. काळं आकाश हळूहळू राखी झालं, मग फिकट, मग पांढुरकं. चुन्याच्या निवळीत कपडा बुडवल्यासारखं. कमळ त्याच्या मागोमाग गेलं. उत्पलाने शेवटपर्यंत नजर काढली नाही. निदान तेवढं तरी देणं लागत होती ती.

मग गणित चालू झालं. संगणकाला वेळ लागतो, पण पडद्यावर हळूहळू आकार धरायला लागला. आधी एक ज्योत. तिच्याभोवती उजेडाचं कडं. मग ज्योत धरलेला हात, सुरकुतलेला.

‘‘आलं!’’ मुजावर ओरडले. ‘‘या अल्ला, आलं!’’

डोक्यावरून पदर. पांढरं लुगडं. म्हातारा चेहरा, खालून उजळलेला, वर भिंतीकडे लागलेला.

‘‘बाई! उत्पला, तू म्हणत होतीस ना, बाईच! भिक्खुणी असणार, पांढऱ्या वस्त्रातली उपासिका असेल... बघ, बघ, मेणाचा थेंब जमिनीवर पडू नये म्हणून खाली पदर धरलाय! केवढी जपतेय बघ!’’ मुजावरांच्या डोळ्यांतून खळाखळा पाणी वाहत होतं. कुलथ्यांनी डोक्यावरचा टोप काढून हातात घेतला होता. आयुष्यभर दगडाशिवाय कशाला न नमलेला तो माणूस, पण आता मान झुकली होती त्याची.

उत्पलाला ज्योत दिसली तेव्हाच कळलं होतं. हात दिसला तेव्हा तर प्रश्नच उरला नव्हता. तो हात तिला गर्दीत काय, अंधारातही ओळखू आला असता.

चित्र आणखी स्वच्छ झालं. बाईने मान वर केली, तशी तिच्या डोळ्यांवर दोन गोल काचा चमकल्या. प्रत्येक काचेत एकेक ज्योत.

मुजावरांचं रडणं मध्येच थांबलं. ‘‘हे काय आहे?’’ ते म्हणाले. मग पुन्हा, अगदी हळू, ‘‘चष्मा?’’

वरून एक खडा सुटून खाली आपटला.

‘‘ही कोण?’’ कुलथ्यांनी विचारलं.

‘‘माझी आई.’’

‘‘कधी?’’

‘‘कार्तिकात. तुम्ही फोन केला होता, भेगेचा.’’

मुजावर यंत्राशी झोंबले, जणू आकडे उलटसुलट केले तर खाली काही सापडेल. ‘‘जुनं... खाली जुनं काही...’’ पण त्यांनीच तर सांगितलं होतं, ओंजळीत किती मावतं ते. पाव तास. गयाबाई पाव तासापेक्षा जास्त वेळ बसल्या होत्या. कडं घातलेला तो चिखलाचा तळवा कार्तिकातल्या त्या दुपारी ओंजळीतून सांडून गेला होता. चौदाशे वर्षं अंधारात सांभाळलेला, आणि एका मेणबत्तीसरशी गेला. आता तो पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हता.

‘‘तू नाही म्हणालीस,’’ कुलथे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच उत्पलाला सोसलं नाही. ‘‘अर्धं वाचलं असतं, पोरी.’’

‘‘हो.’’

पडद्यावर गयाबाई चालूच होत्या. ओठ हलत होते, त्रिशरण म्हणत असाव्यात. मग ओठ थांबले. त्यांनी मेणबत्ती जरा उंच धरली, आणि त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते उत्पलाने आईच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, बाबा असताना नाही, तिची स्वतःची पदवी झाली तेव्हाही नाही. चौदाशे वर्षांत ते निळं बघितलेलं एकच माणूस होतं. गोकर्णीच्या फुलावानी. अक्षी तसंच. आता ते कसं होतं हे सांगायला दुसरा पुरावा नव्हता, तेवढं ते तोंड होतं.

मग गयाबाईंनी झटकन दाराकडे मान वळवली. ओठ पुन्हा हलले. थांबल्या. परत हलले. हाताने त्या कुणाला तरी बोलावत होत्या, लगबगीने, अंगणवाडीतल्या पोरांना इंद्रधनुष्य दाखवायला बोलावतात तशा.

‘‘काय म्हणतायत त्या?’’ मुजावरांनी विचारलं.

‘‘मला हाक मारतेय,’’ उत्पला म्हणाली. ‘‘लवकर ये, बघ, म्हणतेय.’’

पडद्यावरच्या बाईने बराच वेळ दाराकडे पाहिलं. कुणी येईना. मग तिने ज्योतीमागे तळवा धरला आणि फुंकर घातली.

पडदा काळा झाला. कुलथ्यांनी खिशातून विजेरी काढली. ‘‘लावू का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘आता चालेल ना?’’

‘‘लावा,’’ उत्पला म्हणाली.

इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदा त्या खोलीत पांढरा उजेड पडला. बोधिसत्त्व होता, गेरूच्या चार रेषांत, मान कललेली. मागे आकाश नव्हतं. बोटं नाजूक मिटलेली होती आणि बोटांत काहीच नव्हतं.

‘‘चला,’’ कुलथे म्हणाले, ‘‘वरून गळतंय.’’

‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ उत्पला म्हणाली. ‘‘मुजावर सर, ती दाराकडे बघते ना, तिथून पुन्हा लावा.’’